सकाळी साडेपाचची नोकरी

(गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला माईकसमोर बोलायची सवय नाही. गेली तीस वर्षं मी या मंडळात आहे, पण आरतीची ताटं लावायला आणि उकडीच्या मोदकांना पाऱ्या करायला. चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा एक दिवस तुम्ही बोलायचं. विषय – विशेष मुलांचे पालकत्व." मी म्हटलं, त्या विषयावर बोलणारी मोठमोठी माणसं आहेत, त्यांना बोलवा. मला एकाच मुलाचं माहीत आहे. ते म्हणाले, तेच सांगा. म्हणून मी आज पालकत्वावर बोलणार नाही, दुधाच्या पिशव्यांवर बोलणार आहे.

आमच्या धाकट्याला आपण सगळे ओळखता. घरी आम्ही त्याला बाळ म्हणतो. तिसऱ्या रांगेत, निळी टोपी घालून बसलाय तो.

बाळचा जन्म १९९६ चा. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं आणि हे आत आले ते खिडकीकडेच बघत राहिले. पुढे रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात ४७ हा आकडा होता. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, याच्यात एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन वेळा आलेलं. त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. कारण सापडलं १९५९ मध्ये, पॅरिसच्या लेजून नावाच्या डॉक्टरांना. साधारण हजार जन्मांमागे एखादं मूल असं येतं, आईबापांनी काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मला ग्रहणात भाजी चिरली होती का, असं विचारणाऱ्या चारजणी भेटल्या होत्या. त्यांतल्या दोघी आज इथे आहेत, आणि त्या माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत, त्यामुळे राग नाही.

मधली अठरा वर्षं मी भराभर सांगते, कारण ती सगळ्या आयांची सारखीच असतात. मान धरायला उशीर, चालायला उशीर, बोलणं अजून नीट नाही. सिकंदराबादला बोईनपल्लीच्या मनोविकासनगरात १९८४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय संस्था आहे, तिला पूर्वी एन.आय.एम.एच. म्हणत. तिथे जाऊन तपासण्या केल्या, घरी काय करून घ्यायचं ते शिकले. मग विशेष मुलांची शाळा. शाळा अठराव्या वर्षी संपली. स्नेहसंमेलन झालं, त्याला एक ढाल मिळाली आणि दुसऱ्या दिवसापासून जायला जागा नव्हती.

२०१४ ते २०१६ ही दोन वर्षं मात्र मला विसरता येत नाहीत. तो सकाळी उठायचा, दप्तर खांद्याला लावायचा आणि रिक्षाची वाट बघत दारात उभा राहायचा. महिनाभर असं केलं, मग बंद केलं. मग टीव्ही. या मुलांना थायरॉईडचा त्रास बरेचदा असतो, त्यालाही होता, त्यात हालचाल नाही, वजन वाढलं. चिडायला लागला. एकदा त्याने रिमोट फेकला तो ह्यांच्या कपाळाला लागला. ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुणे यायच्या वेळी मी त्याला आतल्या खोलीत बसवलं. ताईने पुढे ते मला सुनावलं, आणि तिचं बरोबर होतं.

नोकरीची कल्पना माझी नाही, ह्यांचीही नाही. ती आपल्या कोपऱ्यावरच्या दुधाच्या बूथवाल्या अन्नाची. हे सकाळी फिरायला जाताना बाळला बरोबर न्यायचे आणि येताना दूध आणायचे. अन्नाचा पोऱ्या गावी गेलेला, तो एकटा क्रेट उतरवत होता. बाळने न सांगता क्रेटचं दुसरं टोक धरलं. दुसऱ्या दिवशीही धरलं. तिसऱ्या दिवशी अन्ना ह्यांना म्हणाला, "साब, तम्मी को मेरे पास छोड़ो." तम्मी म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. हे घरी येऊन मला म्हणाले, आणि मी सरळ 'नक्को' म्हटलं. (हैदराबादी हिंदीतला हा नक्को आपण मराठी लोकांचाच, तेव्हा तो वापरायचा आपल्याला पहिला हक्क.)

मला भीती कशाची होती? रस्ता, कुत्री, लिफ्ट, लोक. आणि खरं सांगायचं तर लोक काय म्हणतील याची. ज्या काचीगुड्यात आमचं घराणं तीन पिढ्या नोकरदार म्हणून ओळखलं जातं, तिथे आमचा मुलगा दारोदार दूध टाकणार, हे मला पचेना. ताई फोनवर म्हणाली, "आई, तो डॉक्टर होणार होता का?" मी फोन ठेवून दिला. पण दसऱ्याला नवीन काम सुरू करतात म्हणून २०१६ च्या दसऱ्याला त्याला पाठवलं.

आता कामाचं सांगते, कारण खरी मजा त्यात आहे. बाळला पाचपर्यंत मोजता येतं. पुढे सहा येईल का आठ, त्याचा नेम नाही. अडतीस घरं, कोणाची एक पिशवी, कोणाच्या तीन, कोणाची निळी, कोणाची केशरी, कोणी गावाला गेलेलं. हे त्याच्या डोक्यात कसं राहणार? संस्थेतल्या एका शिक्षिकेला मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मोजायला शिकवू नका, जुळवायला शिकवा." मग ह्यांनी प्लायवूडची एक फळी केली, हॉटेलात किल्ल्या लावायची असते तशी. दारावर जसा नंबर असतो तसाच नंबर फळीवर रंगवला, खाली खिळा, खिळ्याला त्या घराची कापडी थैली. थैलीला कपडे वाळत घालायचे चिमटे. निळा चिमटा म्हणजे एक निळी पिशवी, केशरी चिमटा म्हणजे एक केशरी. तीन चिमटे तर तीन पिशव्या. लाल चिमटा म्हणजे आज दूध नाही. रात्री अन्ना चिमटे लावून ठेवतो, सकाळी बाळ चिमटा काढतो आणि पिशवी टाकतो. चिमटा उरला नाही की थैली झाली. मोजायचं कामच नाही.

थैल्या मी शिवल्या. प्रत्येक घराच्या दोन, एक दारावर आणि एक बूथवर. जुन्या चादरी, पडदे, एक माझी नऊवारी. कोणाच्या दारावर जांभळ्या काठाची थैली लटकत असेल तर ती माझ्या सासूबाईंची आहे, जपून वापरा.

दुसरी गोष्ट त्या बाईंनी सांगितली ती मला तोपर्यंत कधी सुचली नव्हती. आपण काम शिकवताना पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. त्यांनी सांगितलं, शेवटच्या पायरीपासून करा. म्हणजे थैली भरणं, ट्रॉली ढकलणं, मजला शोधणं हे सगळं मी करायचं आणि त्याने फक्त कडीला थैली अडकवून बेल वाजवायची. काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याला. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी, मग त्याच्या आधीची. असं उलटं उलटं जात आम्ही फळीपर्यंत पोचलो. सगळ्यांत जास्त वेळ लागला तो बेल एकदाच वाजवायला. त्याला तीन आठवडे लागले. पहिल्या ब्लॉकमधल्या लोकांनी ते सोसलं, त्यांचे आज जाहीर आभार.

सुरुवातीला सहाच घरं होती. मी त्याच्या शेजारून चालायची. मग दोन पावलं मागून. मग जिन्याच्या खाली. मग फाटकाशी. मग आमच्या गॅलरीत. बाई म्हणाल्या होत्या, "त्याला शिकायला चार महिने लागतील, तुम्हाला मागे व्हायला जास्त लागतील." मला सात लागले. त्यानंतरही मी कितीतरी दिवस पडद्याआडून बघत होते, हे ह्यांनासुद्धा आज कळतंय.

चुका झाल्या. थैल्यांची अदलाबदल झाली. एकांनी अन्नाकडे तक्रार केली, की असल्या मुलाला पाठवू नका, अंगावर धावून आला तर? बाळ आयुष्यात कोणाच्या अंगावर धावून गेला असेल तर फक्त मिठी मारायला. पण त्या माणसाने असं मूल पाहिलंच नव्हतं, आम्ही आतल्या खोलीत बसवत होतो ना. अन्नाने त्यांना सांगितलं, उद्यापासून तुमचं दूध मी स्वतः आणीन. दोन महिने त्याने स्वतः नेलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनीच सांगितलं, मुलालाच पाठव, तो वेळेवर येतो.

आता एक कबुली. पहिला पगार ठरला महिना आठशे रुपये. ह्यांनी अन्नाला बाजूला घेऊन सांगितलं, की पैसे आम्ही तुम्हाला देऊ, तुम्ही पाकिटात घालून त्याला द्या, म्हणजे त्याला बरं वाटेल. मला माहीत आहे, इथे बसलेल्या आणखी एकदोन घरांनी असं केलेलं आहे. अन्नाने दोन महिने पैसे घेतले. तिसऱ्या महिन्यात घरी आला, चहा घेतला आणि सोळाशे रुपये टेबलावर ठेवले. म्हणाला, "पहले मेरेको भी भरोसा नहीं था साब. अब ये मेरा आदमी है." ह्यांना काय बोलावं ते सुचेना. पुढे कधीतरी आम्ही ही गोष्ट बाळला सांगितली. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "पाकीट कुठंय?"

आणि एक प्रसंग. २०१८ चा पावसाळा. बाळने ट्रॉली जिन्याखाली ठेवली आणि कुत्र्याच्या पिलाशी खेळत बसला. मोठ्या कुत्र्यांनी चार थैल्या ओढल्या, दूध सगळीकडे. मी गॅलरीतून बघते तर अन्ना भर रस्त्यात त्याला ओरडतोय. साधंसुधं नाही, हातवारे करून, तेलुगूत. बाळ मान खाली घालून उभा. मी चप्पल न घालता खाली धावले. अन्नाने माझ्याकडे बघून हात वर केला, म्हणाला, "मॅडम, आप ऊपर जाओ. ये मेरा और इसका मामला है."

मी वर आले आणि रडले. मला अपमान वाटला. माझ्या मुलाला बोलायचा याला अधिकार काय? दुपारपर्यंत मी ठरवलं होतं, उद्यापासून पाठवायचं नाही. बाळ दुपारी जेवला, नेहमीपेक्षा एक पोळी कमी, आणि झोपायच्या आधी घड्याळाला गजर लावून माझ्याकडे आणला, बरोबर लागलाय का बघ म्हणून. पावणेपाचचा होता. त्या महिन्यात त्याच्या पगारातून चार घरांच्या दुधाचे पैसे कापले गेले. मी हिशेब करत बसले, की बावीस वर्षांत याला कोणी कधी रागावलं होतं का? शाळेत नाही. नातेवाईक तर डोक्यावरून हात फिरवून 'देवाचं लेकरू' म्हणायचे. आपल्या मंडळात दर वर्षी चित्रकलेच्या स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस असायचं, कागद कोरा दिला तरी. तुम्ही प्रेमाने दिलंत, माझी तक्रार नाही. पण त्याची चूक होऊ शकते आणि ती त्याने भरून द्यायची असते, असं त्याला वागवणारा पहिला माणूस तो दूधवाला. मी त्याला पाठवणं बंद केलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, आता ही बाई एखादा चमत्कार सांगणार. एक होता होता राहिला. दुसऱ्या ब्लॉकमध्ये एक काका एकटे राहतात. एके दिवशी त्यांच्या दारावर आदल्या दिवशीची थैली तशीच लटकलेली. बाळ तिथून हलेना. बेल वाजवली, दार बडवलं, वॉचमनला बोलावून आणलं, वॉचमनने शेजाऱ्यांना. सिनेमात काका आत बेशुद्ध सापडले असते. प्रत्यक्षात ते आदल्या रात्री उशिरा बहिणीकडून आले होते आणि गाढ झोपले होते. उठून दार उघडलं आणि सगळ्यांवर खेकसले. बाळने त्यांच्या हातात थैली दिली आणि एक बोट नाचवून सांगितलं, "काल घेतली नाही!" तेव्हापासून काका गावाला जाताना बूथवर जाऊन स्वतः लाल चिमटा लावून येतात.

कायद्याचं थोडं सांगते, आपल्यात आणखी काही पालक आहेत म्हणून. १९९५ च्या अपंग कायद्यात आपल्या मुलांची नोंद होती, पण सरकारी नोकरीतलं आरक्षण त्यांना नव्हतं. २०१६ च्या कायद्यात ते आलं, चार टक्क्यांतला एक टक्का, तोही ऑटिझम, मानसिक आजार वगैरेंबरोबर मिळून. मूल अठरा वर्षांचं झालं की आपण आपोआप पालक राहत नाही, नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. ते करून ठेवा, उशीर करू नका. बँकेत खातं उघडायचा त्यांना हक्क आहे, कोणी नाही म्हटलं तर २०१६ च्या कायद्याचं नाव घ्या. आम्हाला तीन खेपा पडल्या. आता त्याचं पासबुक आहे आणि ते तो कोणाच्या हातात देत नाही.

शब्दही किती बदलले. मतिमंद झालं, विशेष झालं, बौद्धिक अक्षम झालं, आता दिव्यांग. बूथवर तो तम्मी आहे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. दूध चालू होतं, पण डॉक्टर म्हणाले, अशा मुलांना कोरोनाचा धोका जास्त, बाहेर सोडू नका. आम्ही सोडलं नाही. त्याच्या दोन्ही लशी होईपर्यंत सतरा महिने गेले. सतरा महिने तो पावणेपाचला उठत होता, आंघोळ करत होता, टोपी घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसत होता. मला ती दप्तराची दोन वर्षं आठवत होती. पण एक फरक होता. रोज सहा वाजता अन्नाचा फोन यायचा. "तम्मी, जांभळा काठ किसका है? तीन सौ दो में कितना केशरी?" बाळ उत्तरं द्यायचा. एकही चुकलं नाही. फळी अन्नाच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होती, नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. तरी सतरा महिने त्याने फोन केला.

आता थोडं कडू बोलते, गणपतीसमोर आहे म्हणून खरं बोलते. मध्यंतरी बूथवरची घरं बावन्न झाली होती. आज अडतीस आहेत. मोबाईलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत दूध येतं, सकाळी उठून कडीवरची थैली काढायची गरज नाही. मीही रवा, साबण तसाच मागवते, कोणाला नावं ठेवत नाही. पण चौदा घरं कमी झाली तेव्हा बाळने मला चौदा थैल्या आणून दिल्या आणि विचारलं, "ह्यांचं काय चुकलं?" म्हणजे, माझं काय चुकलं असं त्याला विचारायचं होतं का, मला नक्की कळलं नाही. त्या थैल्या माझ्याकडे धुऊन ठेवल्या आहेत.

एक काकू मला म्हणाल्या, आम्ही तुझ्या मुलासाठी परत सुरू करतो. मी अन्नाला सांगितलं. तो म्हणाला, "दूध चाहिए तो लेना. तम्मी के वास्ते नक्को." मला त्या दिवशी त्याचा राग आला. मी आई आहे, मला अडतीसाची चाळीस झाली तर हवीच आहेत, कशीही. अजूनही मला ठरवता येत नाही कोण बरोबर. आणि बूथ उद्या बंद पडला तर काय, आमच्यानंतर त्याचं कोण, याची उत्तरं माझ्याजवळ नाहीत. कोणी दिली तर मी ऐकायला बसेन.

मंडळाचं एक सांगायचं राहिलं. २०१७ मध्ये वर्गणी घ्यायला आपली मुलं घरी आली. ह्यांच्या नावाची पावती फाडली, निघाली. बाळ दारात आडवा उभा राहिला. हात पुढे करून म्हणाला, "माझी." मुलांना वाटलं, त्याला पावतीपुस्तक खेळायला हवंय. त्याने आत जाऊन पाकीट आणलं आणि एक्कावन्न रुपये मोजायला त्यांच्या हातात दिले. मोजायचं काम दुसऱ्याचं, हे त्याला पक्कं माहीत. त्या मुलांनी त्याच्या नावाने पावती लिहिली, पूर्ण नाव, आडनावासकट. तेव्हापासून दर वर्षीची पावती त्याच्या बिस्किटाच्या डब्यात आहे. यंदाची धरून नऊ झाल्या. यंदा रक्कम त्याने वाढवली, किती ते स्मरणिकेतल्या वर्गणीदारांच्या यादीत बघा.

आता मला थांबायला हवं. नऊ वाजून गेलेत आणि तो मघापासून घड्याळाकडे बोट दाखवतोय, नऊला झोपतो ना. उद्या मंडपातल्या खिरीसाठी जास्तीचं दूध सांगितलंय, सहा निळ्या आणि चार केशरी. पहाटे कोणीतरी मंडपात हजर राहा, त्याला थैली कोणाच्यातरी हातात द्यायला लागते. बेल इथे नाही, हे मी त्याला सांगितलंय.